नाना पास म्हटल्याशिवाय

शैले, तुझ्या श्रद्धांजलीचा बॅनर मी केला. आणखी कोण करणार होतं? घाटकोपरच्या दुकानात बसून गेली सोळा वर्षं मी हेच करतेय. वाढदिवस, बारसं, नवरात्र, आणि मधूनमधून हे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या वेबसाइट शिकवायच्या क्लासच्या ग्रुपवर सगळ्या म्हणाल्या, "वंदनाताई, तुम्हीच करा, तुमचा हात चांगला आहे." मी तुझा पासपोर्ट फोटो कापला. मागे निळं आभाळ टाकलं, दोन्ही बाजूंना समया उभ्या केल्या, "भावपूर्ण श्रद्धांजली"ला पिवळी कड दिली. वीस मिनिटं लागली. हातांना सवय असते, ते माणूस कोण आहे ते विचारत नाहीत. प्रिंटरला फाईल पाठवल्यावर लक्षात आलं की खाली तुझं नाव आहे, आणि मग मला इतका राग आला की मी माऊस आपटला. मालक म्हणाले, "वंदना, घरी जा." मी गेले नाही.

घरी गेले असते तर बरं झालं असतं. कारण त्यानंतर मी आणखी एक शहाणपणा केला. क्लासच्या वेबसाइटचा पासवर्ड तू मला दिला होतास. देताना म्हणाली होतीस, "माझ्या पानाची वाट लावू नकोस हां." मी तोच बॅनर उचलला आणि तुझ्या पहिल्या पानावर चिकटवला. तू रोज तिथे "आजचा टॅग" लिहायचीस ना, वेब पानाच्या एकेका खुणेबद्दल दोन-तीन ओळी, त्याच्या जागी. ग्रुपवर चौदा हात जोडलेले आले. मला वाटलं, झालं, एवढं तरी आपण केलं.

मंगळवारी सकाळी नानांचा फोन आला.

तुझ्या वडिलांनी मला आजवर कधी स्वतःहून फोन केला नव्हता. आवाज एकदम साधा होता, नेहमीसारखाच मोठा. "वंदना, शैलाच्या पानार तू कायतरी लावलंस म्हणतत. माझो फोन नुसतो 'इमेज' म्हणता. मगे म्हणता, 'शैला फायनल दोन'. ता काय असा?"

फाईलचं नाव होतं ते, शैले. फायनल, फायनल एक, फायनल दोन. मी सगळ्यांची नावं अशीच ठेवते. तुझ्या मरणाबद्दल तुझ्या आंधळ्या बापाला फोनने एवढंच सांगितलं की ही इमेज आहे आणि तिचं नाव शैला फायनल दोन आहे.

मी म्हटलं, "नाना, मी वाचून दाखवते ना आता. सगळं लिहिलंय त्यात, छान लिहिलंय."

"नको," नाना म्हणाले. "तू वाचलंस तर तुझो आवाज येतलो. माका पान आयकाक होया. रविवारी पुतण्यो माका गावाक न्हेता. थय रेंज नाय. त्याच्या आधी कर."

फोन ठेवून मी अर्धा तास दुकानाच्या मागच्या मोरीत उभी होते. रविवारपर्यंत पाच दिवस. आणि ज्या चुकीसाठी तू मला पहिल्याच महिन्यात सगळ्यांसमोर उभं केलं होतंस, तीच चूक मी तुझ्याच पानावर केली होती.

तुला आठवतं की नाही माहीत नाही, मला मात्र नको इतकं आठवतं. मुलुंडला तुझी ती खोली, खाली झुंबाचा क्लास. आपण सात जणी. सगळ्यांत मोठी मी, चव्वेचाळीस, तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. फ्लेक्सचं काम कमी होत चाललं होतं, लोक फोनवरच बॅनर करायला लागले होते, म्हणून मी वेबसाइट शिकायला आले. आणि तू पहिले चार दिवस कॉम्प्युटर चालूच करू दिला नाहीस. वही काढा म्हणालीस. खालून ढम्म ढम्म ढम्म, आणि आम्ही शाळेतल्या पोरींसारख्या वहीत टोकदार कंस काढतोय, कंसात पी, म्हणजे परिच्छेदाचा टॅग, मग मजकूर, मग परत कंसात तिरकी रेघ आणि पी. "डबा उघडलास की झाकण लाव," तू म्हणायचीस. मी वीस फुटी कमानी केलेली बाई. मला पी लिहायला शिकवत होतीस तू. मला तेव्हाच उठून जायचं होतं.

मी गेले नाही, कारण तू शिकवायचीस झकास. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आणखी फुगली असतीस.

मग कॉम्प्युटर चालू झाला आणि आपली भांडणंही. मला अक्षर मोठं हवं असलं की मी एच वन, म्हणजे पहिल्या हेडिंगचा टॅग, टाकायची. अख्खं पान एच वन. तू फळ्यावर खडू आपटलास. "वंदे, हेडिंग मोठं दिसावं म्हणून नसतं. ते हेडिंग असतं म्हणून ते मोठं दिसतं." मला जागा सोडायची असली की मी ओळ तोडायचा ब्रेकचा टॅग टाकायची, एकाखाली एक बारा. तू मोजलेस. मोठ्याने मोजलेस, सगळ्यांसमोर, एक, दोन, तीन, आणि पोरी हसल्या. मी म्हटलं, "दिसतं ना बरोबर? मग?" तू म्हणालीस, "कोणाला दिसतं?" मला तो प्रश्न कळलाच नाही. मला वाटलं तू नुसतं टोचतेयस.

पहिल्या महिन्याच्या शेवटी प्रत्येकीने एक पूर्ण पान करायचं होतं. मी आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाचं घेतलं. मजकूर माझ्याकडे तयार होता, दुकानात मीच टाइप केलेला. तो उचलून पानावर टाकला तर सगळा कचरा. आमचे दुकानातले फॉन्ट जुने, त्यांच्यात मराठी दिसते पण आतून ती मराठी नसते. बाहेर काढली की इंग्रजी अक्षरं आणि टिंबं आणि डॉलरची चिन्हं. माझ्या अध्यक्षबाईंचं नाव अर्धविरामांनी भरलं होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही नेली तरी मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, पुन्हा टाइप करायचं म्हणजे कीबोर्ड नव्याने शिकायचा. माझी बोटं सोळा वर्षं एकाच जागी जातात. मग मला युक्ती सुचली, आणि मला ती फार भारी वाटली. मी सगळं पान दुकानात बनवलं, बॅनरसारखं, रंगबिरंगी, पूर्ण मजकुरासकट, त्याचा एक फोटो केला आणि तो दाखवणारा एक आय एम जी टॅग लिहिला. एक! बाकीच्या पोरींची पानं पन्नास-पन्नास ओळींची, माझं एका ओळीत. आणि सगळ्यांपेक्षा सुंदर.

तू बघितलंस. फक्त म्हणालीस, "रविवारी नानांची परीक्षा आहे. सगळ्यांनी नाहूरला यायचं."

नानांची परीक्षा काय असते ते आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. तुझ्या घरी आलो तर नाना खिडकीजवळ बसले होते. पांढरा बनियन, मांडीवर फोन. काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी नजर गेली, हे तू तेव्हा दारातच सांगितलंस, दोन वाक्यांत, जसं काही नळाला पाणी कधी येतं ते सांगतेयस. त्यात गिरणीच्या आवाजाने एक कान कमी झालेला, त्यामुळे पडदा वाचून दाखवणाऱ्या फोनचा आवाज पूर्ण. तू रोज सकाळी आजचा टॅग टाकायचीस आणि नाना चहा घेताना तो ऐकायचे, आणि त्यांच्याबरोबर तुमचा अख्खा मजला ऐकायचा. समोरच्या दारातल्या काकूंनाही एच वन म्हणजे काय ते ठाऊक होतं.

पोरींची पानं एकेक लागली. फोन म्हणाला, "हेडिंग एक." नाना मान हलवायचे. "यादी, चार गोष्टी." मान. "लिंक, संपर्क." मान. मग "पास" म्हणायचे. एकीचं हेडिंग एकनंतर एकदम हेडिंग चार आलं, तर त्यांनी हात वर केला, "मधले दोन खय गेले?" आम्ही थक्क झालो.

मग माझं पान. फोन म्हणाला, "इमेज."

नाना थांबले. बोट फिरवलं. "इमेज." पुन्हा फिरवलं. मग त्यांनी चेहरा वर करून, माझ्या दिशेने नाही, थोडा डावीकडे बघून विचारलं, "पान खय असा गो?"

तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, हाताची घडी घालून. तू हसली नव्हतीस, हे मी मान्य करते. पण मला आधी सांगू शकली असतीस. एकटीला बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? त्या दिवसापासून मी तुझ्यावर जी खार खाऊन होते ती शेवटपर्यंत थोडी शिल्लक राहिली. आज ती कुठे ठेवू सांग.

तरी आपण मैत्रिणी झालो, हे नवलच. भांडण झालं की तू निरोप पाठवायचीस, "जेवायला ये." तुझ्याकडची सोलकढी, माझ्याकडचा काळ्या मसाल्याचा रस्सा. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या वस्तीत आलीस, तीन वाट्या खीर खाल्लीस आणि माझ्या स्वतःच्या कमानीखाली उभी राहून म्हणालीस, "ह्यातली किती अक्षरं आतून खरी आहेत?" मी तुला तिथेच ढकललं असतं. माझी मुलगी अजून ते आठवून हसते. तुझ्यामुळे मी चिडले, आणि तुझ्यामुळेच युनिकोड शिकले, एकेक अक्षर शोधत, चव्वेचाळिसाव्या वर्षी. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

ऑल्टवरून मात्र आपलं जमलं नाही. ऑल्ट म्हणजे आय एम जी टॅगच्या आत लिहायची एक ओळ, फोटोत काय आहे ते शब्दांत. दिसणाऱ्याला ती दिसत नाही, ऐकणाऱ्याला ऐकू येते. तुझा नियम होता, एकही रिकामी सोडायची नाही. आणि लिहायची कशी यालाही नियम. "दिसतं तेवढंच लिही. सुंदर लिहू नकोस, छान लिहू नकोस. छान आहे की नाही ते नाना ठरवतील." मी म्हणायची, "बॅनरवाल्या बाईला तू सुंदर लिहू नको सांगतेस?" आणि गुपचूप रिकामी सोडायची. नानांच्या परीक्षेला मी पुन्हा आलेच नाही. दर वेळी काहीतरी काम काढलं. म्हणजे मी कधी पास झालेच नाही, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

मग मला पहिलं खरं काम मिळालं. भांडुपच्या बचत गटाच्या बायका, मसाले करतात, त्यांची वेबसाइट. चाळीस फोटो. हळद, मिरची, गोडा, मालवणी, संडे मसाला, भरलेल्या बरण्या. मी रात्रंदिवस बसले नाही, पण दहा दिवस नीट केलं. हेडिंगं बरोबर, याद्या बरोबर, एकही फालतू ब्रेक नाही. तू बघायला घेतलंस आणि मी मनात म्हटलं, आता ही म्हणेल, वंदे, जमलं.

तू म्हणालीस, "चाळीसच्या चाळीस ऑल्ट रिकामे."

"टाकीन नंतर."

"नंतर नाही. नानांना ऐकवल्याशिवाय पान बाहेर जाणार नाही."

"मसाला बघून घेतात गं लोक. ऐकून नाही."

"सगळे बघून घेत नाहीत."

आणि मग मी बोलले. मला ते वाक्य जसंच्या तसं पाठ आहे, कारण गेले कित्येक दिवस मी तेच ऐकतेय. "तुझ्या एका बापासाठी मी चाळीस फोटोंची वर्णनं लिहीत बसू?"

खाली झुंबा संपला होता. तू लॅपटॉप माझ्याकडे सरकवलास आणि म्हणालीस, "मग टाक तशीच." मी टाकली तशीच. बचत गटाच्या बायका खूश झाल्या. पेढे दिले. मी तुला पेढा आणला नाही.

तीन आठवडे आपण बोललो नाही. त्याआधी आपण इतके दिवस कधी गप्प राहिलो नव्हतो. मी ठरवलं होतं की या वेळी जेवायला ये असा निरोप आला तरी लगेच जायचं नाही. निरोप आला. पण तो वेगळाच होता. "हळदीच्या फोटोत वाटी आहे की बरणी?"

बास. एवढाच. पुढे काही नाही, मागे काही नाही. मी वाचला, मला टोमणा वाटला. ऑल्ट लिहिला नाहीस याची आठवण करून देतेय बाई, अजून सोडत नाही. उत्तर दिलं नाही. दोन निळ्या खुणा तुला दिसल्या असणार. पाचव्या दिवशी तू त्या झुंबाच्या जिन्यात बसलीस ती उठलीच नाहीस, आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. तू असं का केलंस? मला माहीत आहे, हा प्रश्न बिनडोक आहे. पण मी तुला तो रोज विचारते.

तर मंगळवार ते शनिवार. ऐक काय झालं ते, तुला मजा येईल.

मी बॅनर काढून टाकला. नवीन कोरी फाईल उघडली. सुरुवातीचे टॅग लिहिले, उघडले, बंद केले. बॉडीपर्यंत आले आणि अडकले. पहिल्या पी मध्ये मी काय लिहिलं माहीत आहे? "शैलाताईंच्या अकाली जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे." माझ्या बोटांनी लिहिलं, मी नाही. सोळा वर्षांत कितीतरी माणसांसाठी लिहिलंय ते. पुसलं. "मनमिळाऊ, हसतमुख." पुसलं. तू मनमिळाऊ? तू बारा ब्रेक मोठ्याने मोजणारी बाई. बुधवारचा दिवस असाच गेला.

गुरुवारी माझी जुनी वही काढली, कंस काढलेली. सगळीकडे तुझी लाल शाई. एका पानावर मी पहिल्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा इंग्रजी लिहिली होती, पुस्तकातून उतरवलेली, तिथे तू लिहिलंयस, "भाषा सांग. तू कुठल्या भाषेत बोलतेयस ते फोनला कसं कळणार?" मी नवी फाईल बघितली. तिथेही इंग्रजीच होती. जुन्या सवयीने टाकली होती ना. एवढ्या वेळा ओरडा खाऊन मी पुन्हा तेच. मराठी केली.

मग ठरवलं की या वेळी नानांकडे जायच्या आधी स्वतः ऐकायचं. दुकानात माझ्या फोनचा वाचून दाखवणारा प्रकार चालू केला आणि डोळे मिटले. शैले, तो बंदच होईना! कुठेही बोट लावलं की बोलायचा. बंद करायचं बटण शोधावं तर ते बटण वाचून दाखवायचा आणि ते दाबलं जायचं नाही. एका गिऱ्हाईकाचा फोन आला, तो उचलता येईना. मालक म्हणाले, "हे काय चाललंय दुकानात?" मी म्हटलं, "अभ्यास." चिडून चिडून मला हसू आलं, आणि हसता हसता एकदम कळलं की नाना सहा वर्षं असेच राहतायत, आणि तू त्यांना एकेक बोट कसं फिरवायचं ते शिकवलं असणार, असंच ओरडत. तुझ्या एका बापासाठी. माझी जीभ का नाही झडली.

त्यानंतर लिहिता आलं. फार काही नाही. एक हेडिंग, तुझं नाव. एक परिच्छेद, तू मुलुंडला काय शिकवायचीस. मग छोटं हेडिंग, "शैला कशाकशावरून ओरडायची", आणि खाली यादी. झाकण न लावणं. मोठं दिसावं म्हणून हेडिंग टाकणं. जागेसाठी ब्रेक टाकणं. फोटोला शब्द न लिहिणं. नानांच्या परीक्षेला दांडी मारणं. पाच गोष्टी, पाचही माझ्या.

आणि फोटो. पासपोर्टचा नको होता, त्यात तू कोणीच नाहीस. आपल्यातल्या एकीने क्लासमध्ये काढलेला एक होता, तो घेतला. तू फळ्यासमोर, चष्मा डोक्यावर ढकललेला, हातात खडू, तोंड अर्धं उघडं, बोट फोटोच्या बाहेर कोणाकडे तरी रोखलेलं. ऑल्ट लिहायला बसले. दिसतं तेवढंच. "शैला फळ्यासमोर उभी आहे. निळा कुडता, चष्मा डोक्यावर. हातात खडू आहे. बोट रोखून कोणावर तरी चिडली आहे." एवढ्या ओळीला सबंध शुक्रवार गेला. चाळीस फोटो मी काय लिहिणार होते, असं वाटलं, आणि लगेच वाटलं, तू असतीस तर दुपारपर्यंत लिहून घेतले असतेस माझ्याकडून.

शनिवारी सकाळी नाहूरला गेले. दार उघडं होतं. बॅगा भरून ठेवलेल्या. नानांचा पुतण्या तिकिटांचं बघायला गेला होता. नाना खिडकीजवळच होते, पांढरा बनियन, मांडीवर फोन. "चाय घेतलंस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, खोटंच. तुझा खडूचा डबा टीव्हीवर तसाच होता. मी तो बघितला नाही असं दाखवलं.

"लाव," नाना म्हणाले.

मी पान उघडून दिलं आणि खाली जमिनीवर बसले. आवाज पूर्ण. "हेडिंग एक, शैला." नानांचं बोट थांबलं. पुन्हा मागे गेलं. "हेडिंग एक, शैला." मग पुढे. परिच्छेद ऐकला. "यादी, पाच गोष्टी." झाकणापाशी त्यांना हसू आलं. पाचव्या गोष्टीला ते म्हणाले, "ही तू." समोरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात भाजी निवडायचं ताट तसंच.

मग फोटो आला. "इमेज," फोन म्हणाला. "शैला फळ्यासमोर उभी आहे. निळा कुडता, चष्मा डोक्यावर. हातात खडू आहे. बोट रोखून कोणावर तरी चिडली आहे."

नानांनी बोट उचललं. मग विचारलं, "कोणार?"

"काय, नाना?"

"कोणार चिडली हा ती? तुका म्हायत असा ना?"

त्या फोटोच्या बाहेर, खुर्चीत, बारा ब्रेक टाकून बसलेली कोण होती ते मला माहीत होतं. मी त्यांना सांगितलं, "माझ्यावर, नाना."

"मगे तसा लिव. कोणार तरी कित्याक?"

मी लॅपटॉप बॅगेतून काढला आणि तिथेच जमिनीवर बसून "कोणावर तरी" पुसलं. नाव लिहिलं. सेव्ह केलं. दोनदा चुकलं. नानांनी पान पुन्हा उघडलं आणि सगळं पहिल्यापासून ऐकलं, घाई न करता. शेवटी फोन म्हणाला, "बोट रोखून वंदनावर चिडली आहे."

नाना रडले. मीही. काकू आत निघून गेल्या. बऱ्याच वेळाने नानांनी फोन उशीखाली ठेवला, नाक पुसलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "पास."

तुझ्या तोंडून ऐकायचं होतं ते, शैले. ते राहिलं, आणि त्याचा राग मला आयुष्यभर पुरेल. तू थोडं थांबली असतीस तर मी सुधारले असते, कदाचित नसतेही. काल रविवारी नाना गावाला गेले. आज दुकानात गिऱ्हाईक नाही. मसाल्यांची वेबसाइट उघडून बसलेय. चाळीस रिकाम्या ओळी. पहिली हळदीची.

वाटी आहे गं. स्टीलची. काठोकाठ भरलेली, आणि शेजारी ओट्यावर थोडी सांडली आहे.